कल्ले हलतायत

डल्सी किअर्लीला किळस म्हणून कधी कशाची आली नाही. लँब्स टिकल या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांच्या सोयीचंही होतं. कुणाच्या विहिरीत मांजर मरून फुगलं, बोलवा डल्सीला. म्हातारा एलाय फज हिवाळ्यात खुर्चीत बसल्या बसल्याच गेला. शेजाऱ्यांना कळेपर्यंत बरेच दिवस उलटले होते आणि त्याच्या खोलीतला हीटर तेवढे दिवस चालूच होता. पाद्रीबाबांनी दारातूनच प्रार्थना म्हटली. डल्सी मात्र बाह्या सरसावून आत गेली, त्याला धुतलं, दाढी केली, कोट चढवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "एक कप चहा देईल का कुणी?" कॉड माशाच्या तुकड्यात अळी निघाली तर काट्याने ताटाच्या कडेला सारायची आणि पुढचा घास घ्यायची. वर म्हणायची, "ती तरी काय, कॉडच खाऊन वाढलीय."

म्हणून मासळीच्या कारखान्यात ती ओकली, तेव्हा सरकत्या पट्ट्यावरच्या आम्हा सगळ्या बायकांचे हात थांबले.

पण आधी गार्लंडचं सांगायला हवं. गार्लंड तिच्या बहिणीचा, रूबीचा मुलगा. रूबी कामासाठी अल्बर्टाला गेली ती तिकडचीच झाली. पोरगा डल्सीकडे वाढला. डल्सीला स्वतःचं मूल नाही, नवरा लवकर गेला, तेव्हा सगळी माया या एकावर. तो सेंट जॉन्सला जाऊन माशांच्या आजारांचं शिकला आणि खाडीत सॅमन मासे पाळायचे पिंजरे टाकणाऱ्या कंपनीचा इथला मुख्य म्हणून परत आला, तेव्हा गावाने हॉलमध्ये जेवण घातलं. का नाही घालणार? कॉडची मासेमारी बंद झाल्यापासून कारखान्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. गार्लंडच्या सॅमनमुळे त्या निघाल्या. माझा नवरा ऑर्लंड पिंजऱ्यांच्या बोटीवर लागला. मी आणि डल्सी कारखान्यात.

पट्ट्यावर डल्सीचं काम पहिलं. यंत्राने डोक्यात ठोका घालून सुन्न केलेला मासा तिच्यापुढे यायचा. कल्ल्यावरचं झाकण बोटाने उचलायचं, सुरीचं टोक आत घालून कल्ला कापायचा आणि मासा बर्फाच्या पाण्याच्या टाकीत सोडायचा, म्हणजे त्याचं रक्त वाहून जातं आणि मांस स्वच्छ राहतं. टाकीच्या पलीकडे मी पोटं फाडायला उभी. धडधाकट माशाचा कल्ला लालभडक असतो आणि कापला की टाकीत रक्ताचा धूर उसळतो. दुपारपर्यंत माझ्याकडचं पाणी बिटाच्या लोणच्यासारखं व्हायचं. त्याचं आम्हाला काही वाटत नसे. डबा खाताना शेजारीच असायची ती टाकी.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरेना. वारा पडलेला. सप्टेंबरात पोरं खाडीत पोहत होती, आणि आमच्या बर्फासारख्या गार खाडीत कधी कुणी जुलैतही गुडघ्याच्या वर गेलं नव्हतं. ऑर्लंड घरी येऊन सांगायचा, "मासे वर येतच नाहीत. खाली जाळ्याच्या तळाशी एकमेकांवर दाटीवाटीने बसलेत. दाणा टाकला की तसाच बुडतो."

एका संध्याकाळी मी डल्सीकडे बसले होते तेव्हा गार्लंड आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. डल्सीने विचारायच्या आत त्याच्यापुढे चहा, पाव आणि पार्ट्रिजबेरीचा जॅम ठेवला.

"काय रे, मरतायत का तुझे मासे?" तिने विचारलं.

"मरतायत, मावशी. गुदमरून."

"पाण्यात?" मी म्हटलं.

"पाण्यातच, मेल्व्हिनामावशी." तो पावाला जॅम फासत म्हणाला. "मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. कल्ला म्हणजे दाट दातांची फणी समजा. प्रत्येक दातावर पुन्हा बारीक बारीक पापुद्रे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पाणी एकीकडून वाहतं आणि पापुद्र्यातलं रक्त बरोबर उलट दिशेने. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू रक्त जवळजवळ सगळा ओढून घेतं. आपल्या फुप्फुसाला नाही साधत ते. इतकं सुंदर काम दुसरं नसेल." हे सांगताना त्याचा चेहरा उजळला. लहानपणी खेकडा उलटा करून दाखवताना उजळायचा तसाच.

"मग बिघडलं काय?"

"पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. आणि त्यात हा अमीबा आलाय. डोळ्याला दिसत नाही, कल्ल्यावर बसतो. कल्ल्याची आग होते, मग तो स्वतःला वाचवायला चिकट थर सोडतो." त्याने जॅमचा चमचा बोटांवर ओतला, बोटं फाकवली आणि मग एकमेकांवर दाबली. बोटं चिकटली. "असे होतात फणीचे दात. मासा पाणी ओढत राहतो, ओढत राहतो, झाकणं उघडझाप करत राहतात. पाणी वरून निघून जातं, आत काही शिरत नाही."

मग त्याने ती बोटं एकेक करून चाटली. डल्सीने ओला फडका पुढे केला फक्त.

"औषध नाही का काही?"

"गोड्या पाण्यात बुडवून काढले की अमीबा मरतो. पण तेवढं पाणी वाहणारं जहाज दुसऱ्या किनाऱ्यावर आहे. ते येणार नाही म्हणतात." तो उठला. "वरून फोन आलाय. जिवंत असतील तेवढे उपसा आणि कारखान्यात घाला."

"आजारी मासे?"

"जिवंत मासे," तो म्हणाला. दारात थांबून मावशीच्या केसांवर ओठ टेकवले आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून बोटी येऊ लागल्या. तो वास कसा सांगू? कुजक्या माशाचा वास आम्हाला नवा नाही, आम्ही त्यातच जन्मलो. हा वेगळा होता. गोडसर. तेलकट. जिभेवर बसायचा आणि रात्री दात घासले तरी जायचा नाही. मासे पट्ट्यावर यायचे ते अंड्याच्या पांढऱ्यात घोळून काढल्यासारखे. सुरीची मूठ हातातून निसटायची, रबरी मोज्यांना तारा सुटायच्या. पट्ट्याखाली फेसाळ, राखाडी शेंबडाचा ओघळ लागला आणि तो मोरीत जाईना. पाईपचा जोर लावला की उलटा उसळून बुटात यायचा. टाकीतलं पाणी लाल होण्याऐवजी भांडी विसळल्यासारखं गढूळ झालं. डल्सी कापत होती, पण माशांमधून रक्त येत नव्हतं. कल्ले फिकट, त्यांवर नासक्या दुधाच्या गाठींसारखे ठिपके. काही तर मेलेलेच होते. मेलेला मासा कापला तरी रक्त सोडत नाही. ते माझ्यापर्यंत येईतो पोटं आपोआप फाटत आणि आतलं हातावर सांडायचं.

"हर्बी, हे मेलेत रे!" डल्सीने मुकादमाला हाक मारली.

हर्बी डॉलिमाउंट स्वभावाने बरा माणूस, पण पाठीचा कणा घरी ठेवून यायचा. "मला काय विचारतेस डल्सी? गार्लंडलाच विचार की. तुझाच आहे तो."

आणि गार्लंड आला. स्वच्छ बूट, हातात टॉर्च. डल्सीच्या पुढ्यात एक मासा पडला होता. एका अंगाने त्याची कातडी सुटली होती, ओल्या कागदासारखी लोंबत होती. आतलं मांस करडं पडलेलं, डोळा दुधाळ. डल्सीने तो दोन्ही हातांनी उचलून त्याच्यासमोर धरला.

"बघ."

गार्लंडने वाकून पाहिलं. आम्ही सगळ्याच बघत होतो. डोक्यात ठोका बसूनही त्या माशाच्या कल्ल्यावरचं झाकण किंचित उचललं गेलं. थांबलं. पुन्हा उचललं गेलं.

"कल्ले हलतायत, मावशी," तो म्हणाला. "जिवंत आहे. काप."

डल्सीने झाकणाखाली बोट घातलं आणि कल्ला तिच्या बोटासोबत बाहेर आला. अख्खा. दुधात भिजलेल्या पावासारखा. ती त्याच्याकडे बघत राहिली. तरी ओकली नाही. एवढ्याने ती ओकणारी नव्हती.

गार्लंडने तिच्या हातातून मासा घेतला, तिची सुरी घेतली, दुसऱ्या बाजूचा कल्ला सफाईने कापला आणि मासा टाकीत सोडला. मग हात तिच्याच ॲप्रनला पुसले, लहानपणापासूनच्या सवयीने असेल, आणि तिच्या खांद्यावर थोपटत हळू आवाजात म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं. कल्ले बघतंय कोण? गिऱ्हाइकाकडे मुंडकं कापूनच जातो मासा."

तेव्हा डल्सी ओकली. पट्ट्यावरच, माशांच्या अंगावर. ओकत राहिली, पोटात काही उरलं नाही तरी. गार्लंड तिची पाठ चोळायला पुढे झाला तर तिने कोपर मारून त्याला दूर लोटलं.

"हात नको लावूस," ती म्हणाली.

हर्बीने पट्टा थांबवला, पाणी मारलं आणि पुन्हा चालू केला. तिने ज्यांच्यावर ओकलं ते मासे फेकले नाहीत. धुतले.

त्या आठवड्यात गावात राहणं म्हणजे नरक होता. पिंजऱ्यांच्या तळाशी मेलेले मासे पंपाने ओढून, खलबत्त्यात कुटल्यासारखे करून, मोठ्या नळाने खाडीत सोडत होते. गुलाबी, दाट, चरबीचं पाणी. भरती आली की ते किनाऱ्याच्या दगडांवर चढायचं आणि ओहोटीला तिथेच थिजायचं, खरकट्या तव्यावरच्या तुपासारखं. कुत्री त्यात लोळून घरात यायची. समुद्रपक्षी खाऊन खाऊन इतके जड झाले की उडेनात. रस्त्यात बसून राहायचे, जवळ गेलं की चोच उघडून ओकायचे. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींना तो वास लागला. पाद्रीबाबांच्या झग्यालाही. आणि शुक्रवारी कंपनीने आभार म्हणून घरोघरी धुरावलेल्या सॅमनचं एकेक पाकीट पाठवलं. चकचकीत, सोनेरी कागदातलं. ऑर्लंडने आमचं फोडलं, खाल्लं आणि म्हणाला, "चव तर झकास आहे." मी त्या रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपले.

रविवारी डल्सीने मला जेवायला बोलावलं. एरवी तिच्याकडचं रविवारचं जेवण म्हणजे ती आणि गार्लंड. खारवलेलं मांस, कोबी, गाजरं, वाटाण्याचा घट्ट गोळा, सगळं एकाच पातेल्यात उकडलेलं. मी गेले तेव्हा टेबलावर एकच ताट मांडलेलं होतं.

"आपलं कुठाय?" मी विचारलं.

"आपण नंतर," ती म्हणाली. "तुला बोलावलं ते मला एकटीला जमणार नाही म्हणून."

गार्लंड आला, हात धुतले, बसला. एकच ताट बघून हसला. "उपास आहे का दोघींचा?"

"तू जेव," डल्सी म्हणाली. ती चुलीपाशी उभी राहिली.

तो जेवू लागला. भूक असायची त्याला, पहिल्यापासून. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाला, "मावशी, अजून राग आहे का?"

"राग नाही."

"मग बस ना."

"तुझ्यासमोर बसून मला घास गिळवणार नाही, गार्लंड."

त्याने काटा खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे किळस येते मला तुझी."

मी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं होतं काय, तेच गुलाबी दगड.

"माझी?" तो म्हणाला. "एलाय फजला धुतलंस तू. त्याच्या अंगातून... लोक अजून सांगतात ते. आणि माझी किळस येते?"

"एलाय मेला होता रे. त्यात त्याचा काय दोष? घाणीची किळस मला येत नाही, कुणी मुद्दाम केलेली नसते ती."

"मीही मुद्दाम नाही केलं! पाणी मी तापवलं का? अमीबा मी आणला का? मी नसतो तर दुसरा कुणी असता, आणि त्याला गावाचं काही पडलेलं नसतं. कारखाना बंद पडला असता म्हणजे? परत फळ्या ठोकल्या असत्या? मेल्व्हिनामावशी, तू सांग हिला."

मी खिडकीबाहेरच बघत राहिले.

"तुला सगळं माहीत होतं," डल्सी म्हणाली. "हर्बीला काही कळत नाही, मला काही कळत नाही. तुला त्या माशाच्या आतला पापुद्रा अन् पापुद्रा माहीत आहे. तो किती गुदमरतोय हे तूच आम्हाला बोटांनी करून दाखवलंस. आणि त्याच गुदमरण्याला तू जिवंत म्हणालास. विकायला."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"कापू नका, म्हणायचं. बस."

मग त्याने काटा उचलला आणि पुन्हा जेवू लागला. भरल्या डोळ्यांनी, पण जेवत राहिला. मांस संपवलं, गाजरं संपवली, शेवटी पावाच्या तुकड्याने ताट पुसून काढलं, कडेपर्यंत, आणि तो तुकडाही खाल्ला. चावण्याचा आवाज त्या खोलीत भरून राहिला. मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली, पण त्या पोराचं ते पुसलेलं ताट मला अजून नजरेसमोर नको वाटतं. डल्सी तोंडावर हात दाबून मागच्या दाराने बाहेर गेली. बाहेर तर तोच वास. आत यायला तिला जागाच नव्हती.

सोमवारी ती कामावर आली. मला वाटलं होतं येणार नाही. पट्टा सुरू झाला, पहिला मासा आला. तिने झाकण उचललं, कापलं, क्षणभर थांबली. रक्त आलं नाही. तिने मासा टाकीत न सोडता मागे जमिनीवर टाकला. दुसरा आला, तोही जमिनीवर. तिसऱ्याला थोडं रक्त होतं, तो टाकीत. पुढचे सगळे जमिनीवर. फटाफट, रागाने नव्हे, काम करावं तसं.

"डल्सी! अगं काय चालवलंयस हे?" हर्बी धावत आला.

"मेलेला मासा जमिनीवर," ती म्हणाली. "माझ्या आईने हेच शिकवलंय."

"गार्लंडला बोलवीन हां मी!"

"बोलव."

ढीग वाढत गेला, तिच्या बुटांभोवती, मग पोटऱ्यांपर्यंत. एकेक मासा वरून घसरून खाली येत होता, शेंबडाच्या तारा ओढत. ती त्यातच उभी होती. चेहरा पांढरा पडलेला, ओठ घट्ट. मधेच एकदा मान वळवून कोरडी ओकारी दिली आणि पुन्हा सुरी धरली. मग माझ्याकडे पोटं फाडायला काही येईनाच. मी सुरी ठेवली आणि तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. पलीकडची व्हेरोनिका आली. मुंडकी छाटणाऱ्या दोघी आल्या. आम्ही नुसते मासे उचलून बघत होतो आणि टाकत होतो.

गार्लंड आला तेव्हा पाय ठेवायला जमीन नव्हती. तो दारातच थांबला. हर्बी त्याच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे बघत होतो. डल्सीने एकदाही वर पाहिलं नाही. ढिगाच्या वरच्या बाजूला एका माशाचं झाकण अजून उघडझाप करत होतं. गार्लंडला ते दिसलं, मी त्याची नजर तिकडे गेलेली पाहिली. मला वाटलं, आता म्हणेल, की हा तरी घ्या.

"पट्टा बंद करा," तो म्हणाला. वळून गेला.

त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी कंपनीने दुसऱ्या गावाहून बसने माणसं आणली आणि पट्टा पुन्हा चालू झाला, पिंजरे रिकामे होईपर्यंत. आम्हाला काढून टाकलं नाही. काढलं असतं तर बातमी झाली असती. वसंतात नवी पिल्लं सोडली, पाणी थंड होतं, कल्ले लाल होते आणि मी पुन्हा पोटं फाडायला उभी राहिले. डल्सी गेली नाही. ती आता पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांचे कपडे बदलते, जखमा धुते, कवळ्या घासते. "छान काम आहे," म्हणते. भूक लागते तिला तिथे.

गार्लंडला कंपनीने वर चढवलं. इतक्या मोठ्या आजारातून इतके मासे जिवंत बाहेर काढले म्हणून. आता तो हॅलिफॅक्सला असतो आणि चार खाड्या बघतो. नाताळात येतो. मावशीसाठी उबदार कोट आणतो, छपराची डागडुजी करतो, लाकडं फोडून रचून ठेवतो. गुणाचा आहे तो, नाही म्हणत नाही मी. डल्सी त्याला वाढते, पोटभर, आग्रह करून. स्वतः मात्र खिडकीकडे तोंड करून उभ्या उभ्या चहा पिते.

गेल्या नाताळात तो गेल्यावर मी तिला म्हटलंच, "आता पुरे कर गं. एकुलता एक आहे. माफ कर त्याला."

"माफ केव्हाच केलंय," ती त्याचं ताट विसळत म्हणाली. "माफ करायला काय लागतं? पण जेवण नाही जात, मेल्व्हिना. बसायला जाते मी. तो पहिला घास घेतो आणि माझं आतून वर येतं."

तिने ताट दोनदा घासलं, पुसलं आणि इतरांपासून वेगळं, वरच्या फळीवर ठेवलं.